अनंतच्या स्कूटरचं जेट

मी लष्करात हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. एक पोस्टिंग अकरा हजार फुटांवर होती. वर्कशॉपमध्ये शेजारच्या बेंचवर नाईक अनंत, टिटवाळ्याचा. फॅमिली क्वार्टरमध्ये बायको, लहान मुलगी आणि हौसेने गावाहून आणलेली स्कूटर. उंचीवर हवा विरळ, नेहमीइतकं पेट्रोल गेलं की इंजिन गुदमरतं. म्हणून मी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारं जेट काढून लहान भोकाचं घातलं.

"खाली गेलो की आठवणीने बदल," अनंत म्हणाला.

"मला शिकवतोस?" मी म्हटलं.

गेल्या महिन्यात सुनंदावहिनीचा, म्हणजे अनंतच्या बायकोचा, फोन आला. "भावोजी, रविवारी बाराला भंगारवाला स्कूटर न्यायला येतोय. त्याआधी एकदा बघता का?"

स्कूटर कित्येक वर्षं ताडपत्रीखाली होती. वर्षापूर्वी वहिनीने ती बाहेर काढली आणि तिच्यावरून रोज शहाडच्या शाळेत नोकरीला जायला लागली. नदीवरच्या पुलावर दोनदा इंजिन जाम झालं, मागे डंपर.

रविवारी ०८५० ला मी कल्याणहून टिटवाळ्याला पोहोचलो. मुलगी मुग्धाने चहा दिला आणि तोंडावर सांगितलं, "काका, आईला उगाच आशा लावू नका. पुलावर काही झालं तर?"

पोरीचं काय चुकलं? काहीच नाही.

तीन मेकॅनिकनी पिस्टन, प्लग, ऑइल सगळं बदललेलं. कार्बोरेटर नुसती हवा मारून परत बसवलेला. काय बोलावं या लोकांना! मी तो पूर्ण खोलला. फ्लोट, सुई, गॅस्केट सगळं पेपरवर मांडलं, पेट्रोलमध्ये धुतलं. मग चष्मा लावून जेटवरचा नंबर वाचला.

पुसून पुन्हा वाचला. ते माझंच जेट होतं.

आमची खाली बदली आलेली. निघायला चार दिवस असताना ०६१० ला अनंत रिकव्हरी व्हॅन घेऊन गेला, अडकलेली गाडी काढायला. ०७४० ला रेडिओवर आलं, "दरड कोसळली, व्हॅन खाली, ओव्हर." अनंत परत आला नाही; त्याच्या सामानाबरोबर स्कूटर मीच ट्रकवर चढवली. जेट डोक्यातही आलं नाही.

खालच्या दाट हवेत त्या जेटातून पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलातूनच मिळतं, म्हणजे तेही कमी. इंजिन तापून जाम होणार नाही तर काय!

"वहिनी, चूक माझी आहे. तुमच्या जिवावर बेतलं असतं." मला खरंच लाज वाटली.

तिने जेट हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाली, "वर्षभर त्या मेकॅनिकना शिव्या घातल्या. आता त्या तुमच्या नावावर करते. बसवा लवकर."

मूळ नंबरचं जेट माझ्या पेटीत होतं. नवी सुई, नवं गॅस्केट टाकलं. ११०५ ला किक मारली. दुसऱ्या किकला चालू.

"मी मागे बसते," मुग्धा म्हणाली. पुलावरून दोन फेऱ्या मारल्या, फुल थ्रॉटल. परत आल्यावर तिने स्वतः इंजिनाजवळ हात धरून पाहिला. बाराला भंगारवाला आला, तर तिनेच त्याला सांगितलं, "दादा, सॉरी. नाही द्यायची."

सोमवारी सकाळी मी मुद्दाम पुलाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. ०७२० ला वहिनी आली. थांबली नाही, हॉर्न दिला आणि पुढे गेली. फार बरं वाटलं.

अनंता, रिपोर्ट देतो. उशीर झाला, माफ कर. जेट बदललं. वहिनी पूल ओलांडून गेली.