शेजारच्या सीटचे वकील

वैजनाथराव वकील अशिलाचा जबाब सांगताना डोळे मिटून घेत. विद्यानगरच्या एका खोलीच्या ऑफिसात मी टाइप करत असे आणि ते खुर्चीत मान मागे टाकून सांगत, "मी मागच्या सीटवर झोपलो होतो. चालवणारा किती प्यायला होता, मला माहीत नाही." बारा वर्षं मी त्यांची ज्युनिअर होते. हे वाक्य माझ्या बोटांना पाठ झालं होतं.

दारू पिऊन गाडी चालवली तर दंड, लायसन्स, प्रसंगी तुरुंग, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. साहेबांकडे येत ते सोबत बसलेले. अपघातात कुणी दगावलं की पोलीस आपल्यालाही गुन्ह्यात घेऊ शकतात, हे ऐकून त्यांची उरलीसुरली नशा तिथेच उतरे. "साब, मैं तो खाली बाजू में बैठा था," असं कुणी म्हणालं की साहेब थकलेल्या आवाजात सांगत, "मियां, जज बैठने का नहीं पूछता. पूछता, पिये वाले को चाबी कौन दिया." मग डोळे मिटत. "माणसं बदलतात बाई, वास तोच," एवढीच त्यांची तक्रार असे.

मग त्यांचा भाचा निखिल सापडला. हिमायतनगरच्या धाकट्या बहिणीचा, सुलभाताईंचा, आयटीतला मुलगा. पार्टीहून पहाटे परतताना दोघं मित्र प्यायलेले होते. गाडी निखिलची, पण जो कमी प्यायला त्यानं चालवावी, असं ठरवून त्यानं मित्राला चावी दिली. पोरांच्या लेखी ती खबरदारीच होती. रस्ता झाडणारी एक बाई गाडीखाली आली. निखिलला किरकोळ लागलं. साहेब त्याला पाहायला इस्पितळात गेले, तेव्हा ती बाई त्याच वॉर्डात होती. तिची मुलगी उशाशी बसलेली. निखिल घरी गेला तरी साहेब जात राहिले. चौथ्या दिवशी खाट रिकामी होती.

सुलभाताई मुलाला घेऊन ऑफिसात आल्या, तोवर मी न सांगताच नेहमीचा जबाब टाइप करून ठेवला होता. साहेबांनी तो वाचून बाजूला सारला आणि निखिलला म्हणाले, "चावी तू दिलीस. तसंच सांग."

सुलभाताईंना आधी खरंच वाटेना. मग त्या म्हणाल्या, "दादा, परक्यांच्या पोरांसाठी जन्मभर लिहिलंस. माझ्याच पोराला नक्को म्हणतोस?"

साहेब म्हणाले, "परक्यांच्या वेळी मी मेलेल्याकडे गेलो नव्हतो, सुलू."

निखिलनं खरं सांगितलं. मित्राबरोबर त्याचंही नाव आरोपींत आलं, नोकरी गेली, आणि खटला अजून चालूच आहे. मला साहेबांचा राग आला होता. शहाणपण सुचायला त्यांना घरचंच पोर सापडावं, हे मला आजही पुरतं पटत नाही. पण त्यांच्याइतकं दमलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. त्यानंतर त्यांनी नवं काम घेतलं नाही.

त्या भाऊबीजेला मीच त्यांना स्कूटरवर हिमायतनगरला नेलं. सुलभाताईंनी दार उघडलं, पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं. सगळं रीतसर. साहेब फराळाला बसले तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, पुढच्या वर्षी येऊ नकोस."

"हौ," साहेब म्हणाले, आणि त्यांनी ताटातलं सगळं संपवलं. संक्रांतीच्या आधीच ते गेले.