नळीवरचं नाणं

ती घटना आठवली की मला आधी चहाचा ट्रे दिसतो, रिव्हॉल्व्हर नंतर. उभ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. नारायण पेठेतली ही चोरी मात्र जशीच्या तशी लक्षात आहे. ती चोरी नव्हती, हे त्यामागचं एक कारण असावं.

निवृत्ती जवळ आली होती. शहराच्या मध्यभागातल्या एका ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. गणपती तोंडावर आल्याने मंडळांच्या बैठका, मांडवांच्या परवानग्या आणि बंदोबस्ताचे नकाशे यांतून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. अशात एका सकाळी ठाणे अंमलदार एका गृहस्थांना माझ्याकडे घेऊन आला. पेठेतलेच दातांचे डॉक्टर, पन्नाशी ओलांडलेले, शर्टाची इस्त्री कडक. खुर्चीत बसायच्या आधीच ते म्हणाले, "साहेब, माझं रिव्हॉल्व्हर गेलं. आणि रविवारी स्पर्धा आहे."

माणूस घाबरला की त्याला सगळ्यात जास्त काय लागलंय ते शेवटच्या वाक्यात येतं. ज्याचं शस्त्र हरवतं त्याला परवान्याची, कायद्याची भीती वाटायला हवी. यांना रविवारची वाटत होती.

आम्हाला मात्र शस्त्राचीच होती. गणपतीच्या गर्दीआधी शहरात एक परवान्याचं रिव्हॉल्व्हर कुणाच्या तरी हाती आहे, हे वरिष्ठांना कळवणं भाग होतं. अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल केला, नियंत्रण कक्षाला आणि परवाना शाखेला खबर दिली आणि हवालदार व पंच घेऊन डॉक्टरांच्या घरी गेलो.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, घरात दोघंच नवरा-बायको. लोखंडी कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली देवघराच्या खणात, रोजच्या जागी होती. वरच्या कप्प्यातल्या दागिन्यांना कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्या कपाटातली काडतुसंही होती तशीच होती. चोर आला, सोनं सोडलं, गोळ्या सोडल्या आणि रिकामं रिव्हॉल्व्हर घेऊन गेला. माझा हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, चोर फारच समाधानी दिसतोय."

डॉक्टर स्पर्धात्मक नेमबाजी करत होते. मीही पोलिसांच्या स्पर्धांत रिव्हॉल्व्हरच्या गटात उतरायचो, बक्षिसं फार नाही मिळाली, पण खेळ कळायचा. हे ऐकल्यावर डॉक्टर चोरी विसरले आणि मला आपलं सामान दाखवू लागले. रंगीत काचांचे चष्मे, सपाट तळाचे खास बूट, कान झाकायचे दोन-तीन प्रकार, लक्ष्य बघायची दुर्बीण. रिव्हॉल्व्हरला तळहाताच्या मापाची अक्रोडाच्या लाकडाची मूठ करवून घेतली होती, ती चोराबरोबर गेली म्हणून ते हळहळले.

"गुण कसे पडतात?" मी विचारलं.

"अजून हवे तसे नाहीत. साधनांत थोडं कमी पडतंय," ते म्हणाले.

आणखी कोणतं साधन उरलं होतं, ते मी विचारलं नाही.

बाहेरच्या खोलीत भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक काळा ठिपका चिकटवलेला होता. नेमबाजांच्या घरी असा ठिपका असतोच. काडतूस न घालता त्यावर नेम धरायचा आणि चाप ओढायचा. पोलीस शाळेतले आमचे उस्ताद त्यात नळीवर एक नाणं ठेवायला लावायचे. चाप ओढल्यावर मागचा घोडा आपटतो, तेव्हा हात हलला की नाणं खाली. इथेही खिडकीच्या कट्ट्यावर दोन रुपयांचं नाणं होतं, घासून गुळगुळीत झालेलं.

डॉक्टरांच्या पत्नीचा, वहिनींचा, जबाब घेतला. शांत बाई, बोलणं मोजकं. "मी त्या पिस्तुलाला हात लावत नाही. मला भीती वाटते त्याची," त्या म्हणाल्या.

"रिव्हॉल्व्हर," डॉक्टरांनी आतून दुरुस्ती केली.

मी "रिव्हॉल्व्हर" लिहून घेतलं आणि वहिनींनी सही केली.

पहिला धागा हडपसरहून आला. तिथला एक खबऱ्या सांगत आला, की एक लेथवाला चहाच्या टपरीवर फुशारकी मारतो, पुण्यातल्या एका डॉक्टरचं हत्यार आपण लोण्यासारखं मऊ करून दिलं म्हणतो. शस्त्राच्या आतल्या भागांना हात लावायला परवाना लागतो आणि तो या माणसाकडे असणं शक्य नव्हतं. त्याला ठाण्यात आणला. डॉक्टरांच्या घरी रिव्हॉल्व्हर आहे हे माहीत असलेला, यंत्राची जाण असलेला आणि कायद्याची पर्वा नसलेला माणूस, म्हणजे मला हवा तसाच. मी मनात जवळजवळ आरोपपत्र लिहून टाकलं होतं.

तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि हात जोडले. "सायेब, चोरी न्हाय केली. डाक्टर सोताच घेऊन आलं. चाप लई जड हाय म्हनलं, हलका कर. केला. पैसं दिलं, घेऊन गेलं."

"परत कधी भेटलास?"

"कशाला भेटू? माझं दात चांगलं हायत."

पुष्कळ उलटसुलट विचारलं, टपरीवाल्याला आणलं, त्याचा फोन तपासला. चोरी झाली त्या दिवसांत तो आपल्या लेथवरून हललाच नव्हता. विनापरवाना शस्त्र दुरुस्तीचा वेगळा गुन्हा त्याच्यावर लागला, पण रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे नव्हतं.

मात्र डॉक्टरांनी ही गोष्ट आमच्यापासून लपवली होती. तक्रारदारानेच काही लपवलं की मला राग येतो, कारण त्या खड्ड्यात माझीच माणसं पडतात. दुसऱ्या दिवशी हवालदार आणि महिला शिपाई यांना घेऊन मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. थोडं दरडावल्यावर डॉक्टर कबूल झाले. चाप हलका झाला की हात हलणार नाही आणि गुण वाढतील, असा त्यांचा हिशेब होता. नेमकं काय बदललं होतं ते समजून घ्यावं म्हणून मी माझं सरकारी रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं, त्यांच्यादेखत रिकामं केलं, गोळ्या हवालदाराकडे दिल्या आणि ते टीपॉयवर ठेवलं. डॉक्टर बोटाने दाखवत सांगू लागले.

तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. टीपॉयवर जागा नव्हती. त्यांनी ट्रे एका स्टुलावर टेकवला आणि माझं रिव्हॉल्व्हर उचललं.

नळी भिंतीकडे. पहिलं बोट चापाच्या बाहेर, रिव्हॉल्व्हरच्या अंगावर सरळ ताठ. अंगठ्याने गोळ्यांची चक्री उघडली, सगळी घरं रिकामी असल्याचं एका नजरेत पाहिलं आणि उघड्या चक्रीसह ते शोकेसवर ठेवलं, मूठ माझ्या बाजूला. मग त्यांनी कप मांडले. डॉक्टरांचं व्याख्यान चालूच होतं.

पोलीस शाळेत ही एक सवय लावायला आमच्या उस्तादांनी घसा फोडला होता. जी बाई शस्त्राला हात लावत नाही, तिच्या हाताला ती कशी लागली? मी चहा प्यायलो, चांगला होता. डॉक्टरांना खाली गाडीत हवालदाराजवळ बसायला सांगितलं आणि महिला शिपायाला दारापाशी उभं करून वहिनींना समोर बसवलं.

"वहिनी, चक्री उघडून बघायला कुणी शिकवलं?"

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले, पण उशीर झाला होता.

"ह्यांनीच," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"मला कशाला? स्वतःला. रोज संध्याकाळी मोठ्यांदा म्हणतात. बोट बाहेर, नळी भिंतीकडे, चक्री बघा. मी त्या खुर्चीत. नाणं ठेवायचं काम माझं, पडलं की उचलायचं कामही माझं. कपाटाखालून, सोफ्याखालून. वर्षानुवर्षं." मग त्या म्हणाल्या, "एकदा हे दवाखान्यात गेल्यावर म्हटलं, बघू तरी, ते एवढं पडतं का."

"मग?"

"पडलं नाही."

त्यानंतर दुपारची कामं आटोपली की त्या ठिपक्यासमोर उभ्या राहू लागल्या. गोळ्यांच्या कपाटाला कधी हात लावला नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आणि मला ते पटलं. रिव्हॉल्व्हर लेथवाल्याकडून घरी आल्यावरही त्या तशाच उभ्या राहिल्या. घोडा मागे ओढला, डाव्या हाताने नाणं नळीवर ठेवलं. "आणि तो आपटला. बोट बाहेर होतं हो माझं. नुसत्या नाण्याने पडला. पुन्हा करून बघितलं, पुन्हा पडला. ह्यांच्या हातात पडला की ह्यांना वाटायचं, चाप हलका झालाय, आपल्याच बोटाने पडला."

मी खुर्चीत पुढे सरकलो. भरलेलं रिव्हॉल्व्हर, ओढलेला घोडा, रविवारची स्पर्धा, डावी-उजवीकडे उभे असलेले नेमबाज. बाईंनी मला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुमचं बिघडलेलं तुम्हाला कळलं नाही, मला कळलं? मागे एकदा मी ह्यांना एवढंच म्हटलं होतं, मनगट ढिलं सोडता. पंधरवडाभर आमच्यात मीठ वाढ, ताक दे, एवढंच बोलणं होतं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "त्यात हे इतके खूश होते त्या चापावर. म्हटलं, परवाना गेला तरी जाऊ दे, माणूस रविवारी घरी आला पाहिजे. गौरी बसायच्या आत मी सांगणारच होते. पेटी तेव्हा उघडावीच लागते."

रिव्हॉल्व्हर माळ्यावर, गौरींच्या मुखवट्यांच्या पेटीत होतं. वर्षातून एकदा उघडणारी जागा. आमच्या पहिल्या झडतीत हवालदाराने ती पेटी पाहिली होती आणि नमस्कार करून पुढे गेला होता.

पंच बोलावले. हवालदार स्टुलावर चढायला लागला तशा वहिनी म्हणाल्या, "अहो, गौरींची पेटी आहे ती. बूट काढून चढा." त्यामुळे त्या मुद्देमालाचा पंचनामा आम्ही सगळ्यांनी मोजे घालून केला. दोन मुखवट्यांच्या मध्ये, जुन्या खणाच्या कापडात गुंडाळलेलं ते रिव्हॉल्व्हर निघालं, अक्रोडाच्या मुठीसकट.

डॉक्टरांना वर बोलावलं आणि मी वहिनींना म्हणालो, आता तुम्हीच सांगा. त्यांनी सगळं सांगितलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे न बघता. मला वाटलं, गृहस्थ भडकतील, निदान माझ्यादेखत अपमान झाला म्हणून. डॉक्टरांनी त्या काळ्या ठिपक्याकडे पाहिलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"खरंच पडलं नाही?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

आमच्या शस्त्रागारातल्या आर्मररने ते रिव्हॉल्व्हर तपासलं. घोडा ओढून घडी केलेल्या सतरंजीवर अलगद टेकवलं की तो पडत होता. "साहेब, हे रेंजवर गेलं असतं तर कुणाच्या तरी पोटात गोळी होती," तो म्हणाला. हे ऐकताना डॉक्टर माझ्या शेजारी उभे होते.

कायद्याचं काम कायद्याने केलं. चोरी झालीच नव्हती, म्हणून गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा असा अहवाल, आमच्या भाषेत क समरी, न्यायालयात पाठवला. दुसऱ्याच्या परवान्यावरचं शस्त्र हाताळलं हे वहिनींच्या जबाबात आलं, मी ते गाळलं नाही. त्यांना समज मिळाली. डॉक्टरांचा परवाना निलंबित झाला आणि रिव्हॉल्व्हर जमा झालं.

त्या घराने मला एक गोष्ट शिकवली, ती कुठल्या प्रशिक्षणात नव्हती. वस्तू नाहीशी झाली की आम्ही पोलीस ती कुणाला हवी होती, याच्या मागे लागतो. लेथवाल्याच्या मागे मी तसाच लागलो. ती कुणाला नको होती, हा प्रश्न मी त्याआधी कधी विचारला नव्हता. आणि वहिनींचा पहिला जबाब अर्धा तरी खरा होता. भीती वाटते, असं त्या म्हणाल्या होत्या. कशाची, ते मी विचारायला हवं होतं. मी फक्त शस्त्राचं नाव नीट लिहून घेतलं.

निवृत्तीनंतर मी वारज्याच्या पुढे एका खासगी रेंजवर सुरक्षा बघायला जातो. घरी बसलो तर बायको भाजी निवडायला लावते. एका सकाळी तिथे नव्या सभासदांत वहिनी दिसल्या. रीतसर सदस्यत्व, प्रशिक्षक, क्लबचं जुनं रिव्हॉल्व्हर, साधी मूठ, पायात रोजच्या चपला. रेंजवर चपला चालत नाहीत म्हणून मी हटकलं, तर मागून डॉक्टर ते खास बूट पिशवीतून काढत आले. आत कापूस कोंबला होता.

आता त्या स्पर्धांत उतरतात. गुण किती, ते मी सांगत नाही, डॉक्टर स्वतःच भेटेल त्याला सांगत सुटतात. काडतुसांशिवायचा सराव सुरू झाला की ते वहिनींच्या बाजूला, नळीच्या मागेच उभे राहतात, खिशातून ते गुळगुळीत नाणं काढतात आणि हात लांब करून नळीवर ठेवतात. घोडा पडतो. नाणं तिथेच असतं.

"कसं चाललंय, डॉक्टर?" मी परवा विचारलं.

"काय सांगू साहेब," ते नाण्यावरून नजर न काढता म्हणाले, "कधीपासून वाकायला तयार उभा आहे."