पागोळ्यांखालची पिशवी

दादाचा फोन आला तेव्हा मी मांद्र्याला अंगणात चादरी वाळत घालत होते. पर्यटकांचा मोसम संपला होता, भाड्याने दिलेल्या दोन्ही खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. "शालू, ती गेली," तो म्हणाला. आणि लगेच, "तिची पिशवी खुंटयेर तशीच आसा. काय करू तिचा?" माणूस गेल्यावर पहिल्या दोन वाक्यांत कुणी पिशवीचं विचारत नाही. पण आमच्या घरात त्या पाठीवरच्या पिशवीवरून इतके वाद झाले होते की त्याला दुसरं काही सुचलं नसावं. मला तरी कुठे सुचलं! मी म्हणाले, "हात लावू नको तिका. मी येतंय."

कुंदावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर दोडामार्गच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याशी. सासर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं पाळी गाव. दादाचा खनिज वाहणारा ट्रक होता. ती लग्न होऊन आली तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर हिरवागार डोंगर दिसायचा. भात शिजेपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसायची. मग त्याची झाडं गेली, माथा गेला, आणि शेवटी डोंगराच्या जागी तांबड्या पाण्याने भरलेला खड्डा उरला. ज्या डोंगराने आमचं पोट भरलं त्याच्याबद्दल तक्रार कुठल्या तोंडाने करायची? तिनेही कधी केली नाही. पुढे खाणी थांबल्या, ट्रक दारात गंजला. साठी उलटल्यावर एक दिवस जेवता जेवता ती म्हणाली, "माका आख्खो डोंगर बघूचो आसा. पावसात. आत जावन." दादाला वाटलं, गाडी करून घाटात धबधबा बघायचा असेल. तिला मात्र चालत जायचं होतं: माहेरच्या बाजूने घाट चढायचा, माथ्यावरच्या वाड्यांत मुक्काम करत रानातून जायचं आणि चोर्ल्याकडे बाहेर पडायचं. चार दिवस, भर आषाढात.

दादाने आकाशपाताळ एक केलं. पाय घसरला तर, साप चावला तर, ओहोळाला पाणी आलं तर… ती शांतपणे मासळीचं कालवण वाढत होती. "शेजारली गंगू न्हाणीत घसरान पडली. तिका कोणी न्हाणीत जाव नको म्हटला?" दादाचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. भजनातल्या दोघी मैत्रिणी तिने आधीच फितवल्या होत्या. तिसरी मी. मला कुणी विचारलंच नाही, मी येणार हे तिने गृहीत धरलं होतं. माहेरचा एक वाटाड्या ठरला, वनखात्याकडे परवानगीचा अर्ज गेला, आणि तयारी सुरू झाली.

तयारी म्हणजे काय ते वहिनीकडून शिकावं. आपल्याकडे पावसाळ्याआधी घराघरात पुरुमेंत भरतात, चार महिन्यांची बेगमी. तिने त्या वर्षी घराच्या पुरुमेंताबरोबर रानाचंही पुरुमेंत भरलं: भाजलेल्या नाचणीचं पीठ, आमसुलं, गूळ-खोबरं, जळवांसाठी मिठाच्या पुरचुंड्या. आणि सुकट! सुकी मासळी नसेल तर ते पुरुमेंत कसलं, असं तिचं म्हणणं. आम्ही सगळ्या त्यातल्याच, त्यामुळे कुणालाच त्यात चूक दिसली नाही. सुकट कापडी पिशवीत बांधून घेतली आणि सरावाला निघालो. सरावाची जागा म्हणजे गावामागचा डंप, खाणीतून काढलेल्या मातीचा ढीग, आता त्यावर झाडी माजलेली. डोंगर पोखरून केलेल्या डोंगरावर ती डोंगर चढायला शिकत होती. पाऊस धो धो. अर्ध्या वाटेवर सुकट भिजली, आणि वाड्यावरचे यच्चयावत कुत्रे पालखीमागून यावेत तसे आमच्या मागून चालू लागले. खाली उतरेपर्यंत पिशव्यांतल्या साड्या, चादरी, नाचणीचं पीठ, सगळ्याला सुकटीचा वास. वहिनी चिखलात बसून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

दुसरा घोटाळा खोळीचा, पावसात अंगावर घ्यायच्या आवरणाचा. मी माझ्या खोलीत एका परदेशी पाहुण्याने विसरलेला भारी रेनकोट नेऊन दिला. तिने अंगात घातला, दोनदा जिन्यावरून वरखाली केलं आणि म्हणाली, "आत घामान भिजतंय. मग पावसान काय वायट केला?" तिने ट्रकवर खनिज झाकायची जुनी ताडपत्री कापून डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत खोळ शिवली. पाणी आत शिरत नव्हतं हे खरं, पण ती घालून तिला उठता येईना! नाकापेक्षा मोती जड. त्या वादानंतर दादाने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं, "ताडपत्री घालूची आसा तर ट्रकान जा." शेवटी साधं जाड प्लास्टिक आलं.

मग तिने नियम केला. दर शनिवारी चौघींनी भरलेल्या पिशव्या घेऊन पाळीला यायचं, त्या कौलांच्या पागोळ्यांखाली ठेवायच्या, जेवायचं, गप्पा मारायच्या, आणि चहाच्या वेळी सोप्यावर आणून उघडायच्या. आत जे ओलं सापडेल ते बाद. "भिजला ता रवला," भिजलं ते घरी राहिलं, असं म्हणून ती ते बाजूला काढायची. पहिल्यांदा माझी जवळजवळ सगळी पिशवीच रवली होती.

तो पावसाळा दादाच्या ऑपरेशनात गेला. तो घरात झोपलेला असताना ती कशी जाणार? पुढच्या वर्षी तिलाच दम लागू लागला. डॉक्टर म्हणाले, छातीत जुनी धूळ आहे, चढण बंद. तिने विचारलं, "मी बसान रवलंय तर धूळ खाली उतारतली?" ती सराव करत राहिली, हळू, थांबत थांबत… आणि यंदा, वैशाखात, तापाचं निमित्त झालं. हॉस्पिटलात मी भेटले तेव्हा तोंडावर मास्क होता. तो खाली ओढून तिने विचारलं, "मीठ घेतलंस?" "घेतला," मी म्हटलं. तिने मास्क परत नीट लावला. आमचं शेवटचं बोलणं ते.

बाराव्याला नातेवाईक जमले. एक काकी समजुतीने म्हणाल्या, "बरा झाला, चार माणसांत गेली. रानात काय झाला असता तर?" माझं डोकं फिरलं. काय बरं झालं? तिला ज्यासाठी जायचं होतं ते झालं नाही, आणि वर आम्ही बरं झालं म्हणायचं? मेल्यावर माणूस समजूतदार होता असं सांगायची आपल्यात रीत आहे. माझी वहिनी समजूतदार नव्हती, हट्टी होती, आणि मला ती तशीच हवी आहे. मी तिथेच सांगून टाकलं की आम्ही तिघी ठरल्या वाटेने जाणार. मग सुरू झालं, वर्षाच्या आत असं कुठे जातात काय, लोक काय म्हणतील… म्हणोत. तेवढ्यात वाटून टाकायच्या कपड्यांबरोबर कुणीतरी ती पिशवीही खुंटीवरून काढली. दादा पाटावरून उठला, त्या माणसाच्या हातातून ती घेतली आणि परत खुंटीला अडकवून येऊन बसला.

गेल्या शनिवारी मी पाळीला गेले. पाऊस असा की अंगणापलीकडचं दिसत नव्हतं. दादा सोप्यावर बसला होता, आणि वहिनीची पिशवी पागोळ्यांखाली होती. मला बघून तो उठला, पिशवी आत आणली आणि एकेक वस्तू काढून माझ्यासमोर मांडली. सगळं कोरडं. मिठाची पुरचुंडीसुद्धा. नाचणीच्या पिठाचा डबा मी उघडून बघितला. वहिनीचं पीठ ते नव्हे. पीठ ताजं होतं आणि करपलेलं होतं. जन्मात ज्याने चूल पेटवली नाही अशा माणसानेच ते भाजलं असणार. मी दादाकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

"कायएक भिजूक नाय," तो म्हणाला. मग पिशवी माझ्याकडे सरकवून म्हणाला, "हे पट्टे जरा सैल करून दी. तिच्या मापाचे आसत, माझ्या खांद्याक बसनत नाय."