रुफिनोनं वडिलांना शहर दाखवलं

आमच्या ला पाझ शहरात बूटपॉलिशवाले माकडटोपी घालतात. थंडी असते हे खरं, पण टोपी थंडीसाठी नसते. शेजाऱ्यांनी, पोरांच्या शाळेतल्या मास्तरांनी ओळखू नये म्हणून तोंड झाकायचं. कामात लाजण्यासारखं काय आहे? पण नाकं मुरडणारे मुरडतात, आणि बूट मात्र त्यांनाच रोज चकचकीत लागतात.

रुफिनो कायिसाया अकरा वर्षं सान फ्रान्सिस्को चर्चच्या चौकात बसत होता. हात असा, की भेगाळलेल्या चामड्यातही तोंड दिसावं. एका विमा कंपनीतले साहेब तर दुसऱ्या कुणाला बुटाला हात लावू देत नसत. पठारावरच्या गावी त्यानं सांगून ठेवलं होतं की आपण त्याच कंपनीत टेबल-खुर्चीवर बसतो. एकदा मारलेली थाप. मग ती निस्तरायची हिंमतच झाली नाही. दर नाताळला कोट घालून गावी जायचा आणि आईवडिलांकडून कौतुक करून घ्यायचा.

जूनमधल्या एका शुक्रवारी त्याच्यासमोरच्या पाटावर एक बूट येऊन टेकला. टाचेला आडवा खिळा होता. तो खिळा रुफिनोनं स्वतः ठोकला होता, गेल्या नाताळात. त्यानं मान वर केली नाही.

"चांगले चमकव बरं का," वडील, म्हणजे डोन तिबुर्सियो, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाले. "गावाची सहल आलीय आमची, चाळीस माणसं. शहर बघायचं आणि चारच्या बसनं परत. मी सटकलोय. मुलगा इथं साहेब आहे माझा. असल्या बुटांनी गेलो तर पोराला मान खाली घालावी लागेल."

घरी बापलेक आयमारा भाषेतच बोलत. रुफिनोनं आवाज घोगरा केला आणि स्पॅनिशच धरून ठेवली. "साहेब लोक दोनच्या आत कुणाला भेटत नाहीत."

"मग मी तसाच जाऊन दारात बसतो."

"नको नको, काका! चला, तोवर मी शहर दाखवतो. परदेशी लोकांना दाखवतोच की."

पेटी शेजारच्या माणसाकडे ठेवून तो निघाला. जादूटोण्याच्या बाजारात टांगलेली लामा या उंटासारख्या जनावराची वाळकी पिल्लं पाहून म्हातारा हसला. "ही बघायला मी सहा तास बसमध्ये बसलो? आमच्या अंगणात बघ की!" कोपऱ्यावर त्यांनी आत रस्सा भरलेल्या, करंजीसारख्या गरम साल्तेन्या घेतल्या. म्हाताऱ्यानं एक पुढे केली, तर रुफिनो नको म्हणाला. खायचं तर टोपी वर करावी लागणार.

"उपास आहे काय रे तुझा?"

"पोट बिघडलंय, काका."

मग ते रोपवेत चढले. म्हाताऱ्यानं रुफिनोची बाही घट्ट धरली होती. खाली खोल वाडग्यात सांडल्यासारखी घरंच घरं. "एवढ्या गर्दीत पोरगं एकटं राहिलं," तो म्हणाला. "त्याची आई रोज रडायची. मी रडलो नाही. मी आपला शेजाऱ्यांना सांगत सुटायचो, आमचा रुफिनो साहेब झाला म्हणून." रुफिनो काचेकडे तोंड करून उभा राहिला. टोपीचा तेवढा एक फायदा.

दोन वाजता विमा कंपनीच्या इमारतीशी जाणं भागच होतं. बेत साधा होता: म्हाताऱ्याला फुटपाथवर उभं करायचं, आत जाऊन यायचं आणि तुमचा मुलगा कामासाठी कोचाबांबा शहराला गेलाय म्हणून सांगायचं. पण वॉचमननं लांबूनच हात केला. अकरा वर्षांत त्यानं रुफिनोचा चेहरा पाहिला नव्हता, पण चाल चांगली ओळखत होता.

"काय रे रुफिनो, पेटी कुठं टाकलीस? सातव्या मजल्यावरचा साहेब सकाळपासून वाट बघतोय तुझी!"

म्हाताऱ्यानं वॉचमनकडे पाहिलं. मग टोपीतल्या त्या दोन डोळ्यांकडे पाहिलं.

"टोपी काढ," तो आयमारात म्हणाला.

रुफिनोनं भर रस्त्यात टोपी काढली. "बाबा, मी सांगणारच होतो..."

"कधी? मी मेल्यावर?" म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "तीन तास तुझ्याबरोबर हिंडलो! मी सांगतोय तुझंच कौतुक, आणि तू मला काका म्हणतोस?" त्यानं रुफिनोच्या हातातली टोपी ओढून घेतली. आणखी बोलणी बसणार म्हणून रुफिनो वाट बघत राहिला. पण म्हाताऱ्यानं नुसतं त्याचं मनगट पकडलं आणि चालू लागला.

"कुठं, बाबा?"

"बसपाशी."

"नको, बाबा. सगळा गाव आहे तिथं."

"म्हणूनच."

बस चौकाच्या खालच्या अंगाला उभी होती आणि लोक आत्तापासूनच गाठोडी चढवत होते. रुफिनो एकेकाला ओळखत होता: शाळेतला सोबती, चुलत मावशी, एके काळी त्याला आपली मुलगी द्यायला निघालेला बाप. कोटाशिवाय त्याला त्यांच्यातल्या कुणी पाहिलं नव्हतं.

"ऐका रे," डोन तिबुर्सियो ओरडला. "गेली अकरा वर्षं मी तुम्हाला खोटं सांगितलं. हा माझा रुफिनो. साहेब नाही, बूटपॉलिश करतो. आज मला सगळं शहर दाखवलं त्यानं."

सगळे वळून बघू लागले. गार वारा उघड्या तोंडाला झोंबत होता. रुफिनोचा हात टोपी शोधत कपाळाकडे गेला. ती वडिलांच्या खिशात होती, आणि बस सुटेपर्यंत त्यांनी ती दिली नाही.