बादलीतली आवळी

देवानं माणसांत भीती वाटायला काढली तेव्हा अख्ख्या सौंसर तहसिलीचा वाटा आमच्या शेजारच्या काकांनी एकट्यानं घरी नेला असणार. अन् नोकरी कुठं, तर जंगल खात्यात! बाबू होते ते तिथं. वीस वर्षं जंगलाचे कागद लिहिले, पण जंगलात पाऊल म्हणून टाकलं नाही. कोणाला अस्वलानं फाडलं, कोणाची म्हैस वाघानं नेली, कोण मध काढायला गेला अन् आग्यामोहोळाच्या तावडीत सापडला, हे सगळं त्यांच्या रजिस्टरात यायचं. ज्याला काहीच झालं नाही तो कशाला ऑफिसात येतो? त्यामुळं काकांच्या लेखी जंगलात गेलेला प्रत्येक माणूस फाटूनच परत येई. रस्त्याकडेचं बोरीचं झुडूप हललं तरी ते छत्री पुढं धरत, अन् झुडपातून शेळी निघाली तर शेळीलाच दोन शिव्या देत.

अशा माणसाच्या बायकोला, म्हणजे काकूंना, उभ्या जन्मात एकच हौस: कार्तिकात आवळीखाली जेवायचं. खऱ्या झाडाखाली, जंगलात, माहेरी जेवत तसं. दर साली त्या विषय काढत. दर साली काका "पाहू" म्हणत, अन् ऐन दिवशी बाजारातून आवळ्याची फांदी आणून अंगणात बादलीत उभी करत. "घ्या, झाली आवळी!" काकू बिचाऱ्या बादलीभोवती पाट मांडत अन् सगळ्यांना वाढत. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास एका साली मात्र त्यांनी बादलीच लपवून ठेवली. काका फांदी हातात घेऊन अंगणभर फिरले. "अठरा वर्षं बादलीखाली जेवली मी," काकू म्हणाल्या, "औंदा नाई जेवत." अन् खरंच जेवल्या नाहीत, त्या दिवशीही नाही अन् दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या ओसरीवर येऊन माझ्या वडिलांना म्हणाले, "मास्तर, जावंच लागते आता. तुमीबी घरच्यायले घेऊन चला. माणसं जास्त असली म्हंजे वाघाले निवडाले वेळ लागते."

कार्तिक संपायला आठ दिवस होते. त्यातले सात दिवस संध्याकाळी आमच्या ओसरीवर सभा भरली. सामानाची यादी काकांनी सरकारी अक्षरात लिहिली: साप चावला तर दोरी अन् ब्लेड, अस्वल आलं तर बडवायला थाळी, वाघ आला तर दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब, अन् भर दुपारी जायचं असूनही दोन कंदील. रोडग्यांचं पीठ अन् वांगी शेवटी, तीही आईनं आठवण केल्यावर. डोक्याला वासाचं तेल नको, मधमाश्या येतात. लाल फ्रॉक नको. का, ते त्यांनी सांगितलं नाही, नुसती मान हलवली. तुम्ही हसाल, पण त्या मान हलवण्यानं माझी पाचावर धारण बसली. मी दहा वर्षांची होते. शाळेत फळ्याकडं पाहिलं तरी मला अस्वल दिसे.

सगळ्यात भयंकर नियम शेवटच्या सभेत निघाला. "जंगलात कोणाचं नाव घ्याचं नाई. चकवा आयकून ठेवते. मंग आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते अन् वाट भुलवते. गेला माणूस!" मग बोलवायचं कसं? तर तोडणीच्या झाडांवर टाकतात तसे नंबर! काका एक, काकू दोन, माझे बाबा तीन, आई चार, मी पाच. तसंही काकूंना ते नावानं कुठं हाक मारत होते? काकांचं "अवो" म्हणजे काकू, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

छिंदवाड्याच्या रस्त्यावर घाटाच्या पायथ्याशी मेटाडोर थांबली. रस्त्यापासून थोडं आत आवळीचं झाड सापडलं. काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं अन् बुंध्यावरून हात फिरवत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजून होत होते. काका एका हातात थाळी, दुसऱ्या हातात छत्री धरून पहारा देत होते अन् दर दहा मिनिटांनी गिनती घेत होते.

"एक!" काका ओरडले.

कोणी बोललं नाही. मग बाबा हळूच म्हणाले, "तीन."

मी आईचा पदर घट्ट धरला. "दोन नंबर!" काका पुन्हा ओरडले. "ओ दोन नंबर! काहून बोलून नाई राहिली?" पलीकडं घाणेरीच्या झुडपांत काहीतरी खसफसलं. त्या दिशेला बोट दाखवायचीही माझी हिंमत झाली नाही. काकांच्या हातातली थाळी खाली पडली. मग जो माणूस शेळीला भीत होता तो त्या झुडपांत घुसला. छत्री चुलीजवळच पडली होती.

"कुसूऽऽम!"

मी आईला विचारलं, "कुसुम कोण?" आईचे डोळे भरले होते. हाका येत राहिल्या, दूर जात राहिल्या, प्रत्येक हाकेला आवाज अधिकच चिरत गेला. अन् मग नाल्याकडून काकू आल्या, ओच्यात आवळे भरलेले, मागं काका, धोतर काट्यांनी फाटलेलं. रजिस्टरातल्या माणसांसारखे अखेर तेही फाटूनच परत आले. "नंबर काहून नाई सांगतला?" ते रडत रडत भांडत होते. "मी काय सागवान आहो?" काकू म्हणाल्या, अन् सगळ्यांना वाढायला बसल्या.

त्यानंतर काका जंगलात गेले नाहीत. आता तर ते नाहीतच. मागच्या कार्तिकात मी माहेरी गेले तेव्हा काकूंना भेटले. अंगणात बादली होती, बादलीत फांदी होती. मी त्या दिवसाची आठवण काढली. काकू फांदीकडं पाहत म्हणाल्या, "पहिलीच हाक आयकू आली होती मले. जवळच नाल्यात बसली होती मी. पण लग्न झाल्यापासून त्या नावानं कोणी बोलावलंच नोतं. म्हटलं, अजून एक डाव हाक मारते का, पाहू."

"मग?"

"घरी आलो अन् पुन्हा 'अवो' सुरू. पण त्या दिवशी सात डाव मारली. मोजली होती मी."