परवाचं बटण

हे मी घरात कुणाला बोलले नाही, मैत्रिणींनाही नाही. त्यातलं अर्धं एकदा एका परक्या माणसाला सांगितलं, पण ते माझ्या सोयीचं अर्धं होतं. उरलेलं आज पहिल्यांदाच, तुम्हाला.

आमच्या वरवंडला, आमच्याच गल्लीत, शांतामामी राहतात. कांदा लावणाऱ्या बायकांची टोळी त्या चालवायच्या. शेतकरी फोन करायचे, आणि कुणाकडे कधी जायचं ते मामी डोक्यात ठेवायच्या. मी दौंडला इंग्लिश मीडियममध्ये शिकले. कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकत होते आणि मला प्रोजेक्ट हवा होता. म्हणून मामींसाठी ॲप केलं. शेतकऱ्याचं नाव बोलायचं आणि एक बटण दाबायचं – उद्या किंवा परवा. तारीख ॲप स्वतः लावणार. "मामी, माणूस विसरतो, फोन विसरत नाही," असं मी म्हणाले होते. का म्हणाले? त्या कधी काही विसरल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

ॲप नवंच होतं. भल्या पहाटे मामी भाकऱ्या थापत असताना खुटबावच्या आप्पांचा फोन आला, टोळी परवा पाहिजे. मामींनी परवा दाबलं. ॲपमध्ये उद्याची तारीख पडली. दुसऱ्या दिवशी टोळी खुटबावला पोचली तर वाफ्यांत पाणी नाही, रोप उपटलेलं नाही, आणि आप्पा बांधावरून ओरडतायत. सगळ्या बायकांचा रोज बुडाला.

संध्याकाळी बायका मामींच्या दारात जमल्या. मला बोलावलं.

"आप्पा परवाच म्हनले व्हते गं," मामी म्हणाल्या. "माझ्या ध्यानात व्हतं. पर फोनात उद्या दिसलं. म्हनलं, मीच इसरले आसंन."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. इतक्या माणसांसमोर मला बोलता येत नाही – पण तेवढं एक वाक्य बरोबर आलं. "मामी, तुमच्याकडून चुकून उद्या दाबलं गेलं असेल."

"चष्मा लावून दाबत जा की, मुकादमीणबाई!" एकजण म्हणाली. हशा पिकला. मामीही हसल्या. "व्हय, बोट घसरलं आसंन."

त्या क्षणी मला काहीच माहीत नव्हतं. माहीत नसताना मी त्यांचं बोट पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी कोड उघडला. तारीख मी आपल्या वेळेची घेतलीच नव्हती, जागतिक वेळेची घेतली होती. ते घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे सकाळी साडेपाचपर्यंत ॲपसाठी कालचाच दिवस, आणि त्याचा परवा म्हणजे आपला उद्या. मी ॲप तपासलं ते दुपारी, फॅनखाली बसून. इतक्या पहाटे उठून कुणी ते वापरेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

एक ओळ बदलली. चूक गेली. मामींना म्हणाले, "अपडेट केलंय." त्यांनी काही विचारलं नाही – मी काही सांगितलं नाही. त्या दारात परत उभं राहून बायकांना खरं सांगायला किती वेळ लागला असता?

पुढे शिरूरच्या एका कंपनीत मुलाखत झाली. ही चूक मी कशी शोधली, ते तिथे सांगितलं – छान, मुद्देसूद. साहेब खूश झाले. नोकरी लागली. मामींचं नाव त्यात कुठे आलंच नाही.

मामींनी ॲप सोडलं, तेवढंच असतं तर चाललं असतं. पण त्यांचा स्वतःवरचाच भरवसा उडाला. शेतकऱ्याला उलट फोन लावायच्या – उद्या म्हणलात का परवा? परत एकदा, मग आणखी एकदा. शेतकरी वैतागले, बायकाही. आता टोळी दुसरी बाई चालवते. पूर्वी ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्या मामी पिकअपच्या मागे दाटीत उभ्या असतात.

गेल्या रविवारी त्या आमच्याकडे आल्या होत्या. आईला म्हणाल्या, "पोरीनं लई चांगलं करून दिल्यालं वो. मलाच जमलं न्हाई." आईने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. होकारार्थी.