युसूफचं पातं

युसूफ गेल्याचं त्याच्या जावयाने, सलीमने, फोनवर सांगितलं तेव्हा मी लेथवर वाकून काम करत होतो. "नाना, अब्बा गेले," एवढंच तो म्हणाला. मशीन बंद केली, हात पुसले आणि सातपूरहून जुन्या नाशकात पोचलो. तोवर आतल्या खोलीत त्याला शेवटची आंघोळ घालणं सुरू झालं होतं. मी बाहेर खुर्चीवर बसलो. शेजारी सातपूरचेच दोन-तीन कारखानदार होते. त्यातला एक सुस्कारा टाकून म्हणाला, "साधा माणूस होता हो." या गोष्टीला सहा आठवडे झाले, आणि हे 'साधा माणूस' मी भेटेल त्याच्या तोंडून ऐकतो आहे. ज्याला हयातभर मूर्ख समजलो त्याला मेल्यावर साधा म्हणायचं, ही आपली रीत. मीही त्याला मूर्खच समजत होतो. फक्त मी ते त्याला तोंडावर सांगितलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघांनी नोकरी सोडली आणि भागीदारीत एक जुनी लेथ घेतली. भाड्याचा गाळा, पत्र्याचं छप्पर, एक मशीन आणि युसूफचे हात. असा टर्नर मी पुन्हा पाहिला नाही. पण त्याला आणखी एक काम होतं. मोहल्ल्यात कुणी गेलं की गाळ्यावर फोन यायचा आणि हा हातातला जॉब ठेवून मयताला आंघोळ घालायला निघायचा. खणातून एक फडकं काढून खिशात टाकायचा. एकदा मी ते उघडून पाहिलं. आत हॅक्सॉचं, लोखंड कापायच्या करवतीचं, एक पातं होतं, ग्राइंडरवर घासून घासून कागदासारखं पातळ केलेलं, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली.

"मेलेल्याचं बोट फुगतं, नाना," तो म्हणाला. "अंगठी निघत नाही. लोक ओढतात, कातडी सोलते. मयताला दुखवायचं नसतं. जिवंत माणसासारखंच जपायचं."

एकदा मीच त्याला स्कूटरवर सोडायला गेलो होतो. लाकडाचा एक मोठा व्यापारी वारला होता. बोटात ही जाड सोन्याची अंगठी, वर हिरा. पुरुषाने सोनं घालू नये असं त्यांच्या धर्मात स्पष्ट आहे, पण पैसेवाल्याला धर्म सांगणार कोण? बाप आत फळीवर पडलेला आणि दोन्ही मुलगे दाराशी. रडत नव्हते, लक्ष ठेवत होते. धाकटा आत डोकावून म्हणाला, "युसूफभाई, जरा संभाल के, पत्थर न टूटे." मग थोरला धाकट्याला म्हणाला की अंगठी अब्बांनी मलाच द्यायची म्हटली होती, आणि तिथेच दोघांचं जुंपलं. इतकी हलकी माणसं मी जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. युसूफ बाहेर आला, कापलेली अंगठी खिडकीत ठेवली आणि म्हणाला, "ये इधर रखी है. पहले बाप को कंधा दो."

परत येताना मागच्या सीटवरून तो बोलत होता. "आमच्या पैगंबरांनी सांगून ठेवलंय, नाना. माणूस माझं माझं करतो. पण त्याचं असतं काय? खाऊन संपवलं ते, घालून झिजवलं ते, आणि देऊन टाकलं ते. बाकीचं तो दुसऱ्यासाठी राखत बसलेला असतो."

मी हसलो. म्हटलं, असल्या विचारांनी गाळा मोठा होत नसतो.

"कमवू नको कुठं म्हटलं? कमव की. फक्त राखणदार आहेस, एवढं ध्यानात ठेव."

पुढे ऑर्डरी वाढल्या. मला मोठी शेड हवी होती, कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं हवी होती. बँक कर्ज द्यायला तयार होती. युसूफ तयार नव्हता. व्याज घेणं-देणं त्याला वर्ज्य. मी त्याला समजावलं, मग ओरडलो, मग मूर्ख म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "तुझं तू कर. भागीदारीतून मी निघतो. जुनी लेथ तेवढी गहाण टाकू नको, ती दोघांची आहे. मी तिच्यावर पगारी काम करीन."

आणि त्याने केलं. माझा भागीदार माझ्याच शेडमध्ये कार्ड पंच करून कामाला लागला, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मजा वाटली. काचेची केबिन बांधली, तिच्याबाहेर त्याला मुद्दाम उभं ठेवलं. तो मयतीला गेला की त्याचा अर्धा दिवस कापायचो. नियम सगळ्यांना सारखा, असं वर म्हणायचो… त्या व्यापाऱ्याच्या मुलांना मी हलकं म्हणालो ना? ते निदान स्वतःच्या बापाच्या अंगठीसाठी भांडत होते.

त्याच सुमारास एका ज्योतिष्याच्या सांगण्यावरून मी उजव्या हाताच्या तर्जनीत पुष्कराज घातला. भरपूर सोनं, वर पिवळा खडा. शेडमधले सगळे वा वा करून गेले. युसूफने खड्याकडे पाहिलंच नाही, बोटाकडे पाहिलं. म्हणाला, "एक साइज मोठी घ्यायची होतीस."

दोन हजार आठच्या मंदीत ऑर्डरी बंद पडल्या. हप्ते थकले आणि बँकेने शेड, मशीनं, काचेची केबिन सगळं नेलं. केबिनमध्ये बसून माझा चहा पिणारे लोक मला पाहून रस्त्याच्या पलीकडे जाऊ लागले. गहाण नसलेली जुनी लेथ तेवढी वाचली. ती घेऊन मी पुन्हा भाड्याच्या गाळ्यात आलो. पहिल्या सकाळी युसूफ माझ्याआधी हजर. त्याने लेथ पुसली, तेल दिलं आणि म्हणाला, "पंपाच्या बुशांचं काम मिळतंय, घ्यायचं का?" मी टोमण्याची वाट पाहत होतो. तो टोमणा त्याने कधीच मारला नाही, आणि त्याचाही मला रागच आला.

अंगठी विकायची म्हणून साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून पाहिला. बोट सोडेना. युसूफने खणातून फडकं काढलं. मी हात मागे घेतला. "मी मेलो नाही अजून," मी खेकसलो.

"म्हणून तर म्हणतो. जिवंतपणी सोपं जातं." मग पातं परत गुंडाळत म्हणाला, "इथंच ठेवतो. वाटलं की सांग."

मी सांगितलं नाही. अंगठीचं नाही, आणि त्या अर्ध्या दिवसांबद्दलही काही बोललो नाही. उद्या बोलू, परवा बोलू… आणि फोन आला.

त्या दिवशी सलीम आतून बाहेर आला तेव्हा मी नको ते विचारलं. "काही काढावं लागलं का रे?"

"काही नव्हतंच अंगावर, नाना," तो म्हणाला. "नखांतलं ऑइल तेवढं निघेना. लय घासलं. मग राहू दिलं."

ते ऑइल माझ्या गाळ्यातलं होतं. मी तिथून उठून गल्लीच्या तोंडाशी जाऊन रडलो.

काल खण उघडला. फडक्याच्या घड्यासुद्धा त्याच्याच हाताच्या होत्या. पातं डाव्या हातात धरून अंगठीवर चालवून पाहिलं. दोनदा घसरलं, कातडीला लागलं. हे एकट्याने होणारं काम नाही. बोट एकाने पुढे करावं लागतं आणि कापावं दुसऱ्याने.

सासऱ्याचं ते काम आता सलीम करतो. आज शुक्रवार, नमाज झाली की गाळ्यावर ये, असं त्याला सांगितलं आहे. कापून निघेल ते सोनं त्याच्या सासूच्या हातात देईन. पातं पुसून लेथवर ठेवलं आहे, शेजारी एक स्टूल ओढून ठेवलं आहे. तो बसला की आधी त्याला अर्ध्या दिवसांचं सांगायचं, मग बोट पुढे करायचं.